होय, कार्ड पाहिले

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी अंधेरी पूर्वेच्या एका मराठी शाळेत क्लार्क होते. मागे औद्योगिक वसाहत, पुढे रिक्षांची रांग आणि बाजूच्या टेकडीवर चढत गेलेल्या झोपड्या. शाळेच्या ऑफिसला रस्त्याकडे उघडणारी एक ठेंगणी खिडकी होती. आत मी, बाहेर अख्खी वस्ती. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, नोकरी अजून कायम झाली नव्हती, तरी त्या खिडकीत बसलं की आपण कुणीतरी आहोत असं मला वाटायचं. लोक वाकून बोलायचे ना! खिडकीच एवढी खाली होती की वाकण्यावाचून इलाज नव्हता, पण मला वाटायचं, माझ्यासाठी वाकतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याला बरीच वर्षं मी दया म्हणत आले.

प्रवेशाच्या अर्जावर एक रकाना होता, 'देवी काढल्या आहेत काय?' देवीचा रोग देशातून जाऊन काही वर्षं झाली होती, देवी काढणंही बंद पडलं होतं. पण संस्थेच्या चिटणीसांचा छापखाना होता आणि त्यांनी कधीतरी एकदा ते अर्ज फुकटात आणि ढिगाने छापून दिले होते. ते संपल्याशिवाय नवे मिळणार नव्हते, आणि ते काही संपत नव्हते. माझ्या आधीचे क्लार्क निवृत्त होताना मला शिकवून गेले होते, "पोराची बाही वर करायची, दंडावर व्रण दिसला की 'होय' लिहायचं. नाही दिसला तरी 'होय'च लिहायचं, फक्त जरा थांबून." आम्ही दोघंही तेव्हा हसलो होतो.

हे असंच चाललं असतं. पण आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, असं चालवून घेणं जमत नसे. सोलापूरकडच्या, काटक, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं, असं शिपायाला आणि मला दोघांनाही वाटायचं. एका वर्षी बालवर्गातल्या एका मुलाला पोलिओ झाला. तीन महिन्यांनी बापाच्या कडेवर बसून तो शाळेत आला आणि उतरवल्यावर जिथे ठेवला तिथेच बसून राहिला. बाई त्या दिवशी वर्गाच्या दारात बराच वेळ उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "पुढच्या जूनपासून टोचल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय प्रवेश द्यायचा नाही. व्रण नाही, कार्ड. ट्रिपलचे, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचे सगळे डोस, पोलिओचे डोस. त्या देवीच्या रकान्यात 'होय, कार्ड पाहिले' असं लिहून तुमची सही करायची."

चिटणीस दोन दिवसांत हजर झाले. गोरेगोमटे, पोट सुटलेले, मनाने वाईट अजिबात नाही. मी शेजारच्या टेबलावर पगारपत्रक लिहीत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"बाई, हे कायद्यात आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आपण कोण सक्ती करणारे?"

"आपण शाळा," बाई म्हणाल्या. "माझी चाळीस पोरं एका सतरंजीवर बसतात, एका माठातलं पाणी पितात. एकाला झालं की सगळ्यांच्या घरी जातं."

"अहो, ती सगळी एका गल्लीतच खेळतात ना! तुम्ही शाळेत घेतलं नाही म्हणून गल्लीतला रोग थांबणार आहे का?"

"गल्ली माझ्या हातात नाही. दार आहे. दार अडवलं की आईबाप टोचून आणतात. भीतीने का होईना."

"किंवा पोराला घरी ठेवतात," चिटणीस म्हणाले. "मुलगा असेल तर आणतील टोचून. मुलगी असेल तर म्हणतील, राहू दे, नाहीतरी भांडीच घासायची आहेत. टेकडीवरच्या मुली आत्ता कुठे यायला लागल्यात, बाई. शिवाय पट कमी झाला की तुकडी जाईल, ते वेगळंच."

मुलींचं म्हणणं बाईंना लागलं होतं, हे मला दिसलं. मला दोघांचंही पटत होतं, आणि माझं कुणी विचारत नव्हतं. शेवटी एक वर्ष करून पाहू, असं ठरलं.

जून उजाडला. खरं सांगायचं तर बाईंचाच अंदाज खरा निघाला. कार्ड नाही म्हणून परत पाठवलेले लोक शिव्या देत म्युनिसिपाल्टीच्या दवाखान्यात गेले आणि रडून डोळे सुजलेली पोरं घेऊन परत आले. कुणाचं एक इंजेक्शन राहिलेलं, कुणाची दोन. दवाखान्यातली सिस्टर मला मनात किती शिव्या घालत असेल, देव जाणे. माझ्या खिडकीसमोर गुलाबी-पिवळ्या कार्डांची रास व्हायला लागली. मीही अंगात आल्यासारखी "कार्ड? कार्ड कुठंय? मग कशाला आलात?" असं ओरडत होते.

त्या गर्दीत ती आली. कोकणातली, मालवणकडची, आता टेकडीवर राहणारी. नवरा गिरणी बंद पडल्यावर वसाहतीतल्या एका वर्कशॉपात लागलेला. तिच्या एका हाताला आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. तो आमच्याच शाळेत तिसरीत होता, मी त्याला ओळखत होते. उजवा पाय काठीसारखा बारीक, दर पावलाला हाताने गुडघा दाबून तो पुढे व्हायचा. दुसऱ्या हाताला पाच वर्षांची मुलगी. घट्ट दोन वेण्या, कपाळावर मोठी काळी टिकली. ती खिडकीवरची पाटी मोठ्याने वाचत होती, "चौ... क... शी." भावाच्या पुस्तकांवर घरीच शिकली होती.

मी कार्ड मागितलं. ती म्हणाली, "कार्ड नाय, बाईनु. मी हिका सुई टोचूक दिलंयच नाय."

"का?"

तिने मुलाचा हात धरून त्याला जरा पुढे केलं. तो दीड वर्षाचा असताना चांगला धावत होता, म्हणाली. टोचायचा दिवस आला तेव्हा त्याचं अंग थोडं कोमट होतं. तिने सिस्टरला सांगितलंही. एवढ्याशा तापाला काही होत नाही म्हणून मांडीत इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी तोच पाय उचलेना. "डाक्टर म्हणतत पोलिओ होतो. आसात, बाईनु. पण सुई खंय टोचल्यानी आणि पाय खंयचो गेलो, ता मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. आता ह्या धाकट्या चेडवाचो पाय घालवूचो नाय माका."

मुलगा खाली बघत उभा होता. आपल्याबद्दल चाललेलं हे बोलणं त्याने पुष्कळदा ऐकलेलं असणार.

किती तरी वर्षांनी मी एका डॉक्टरांना हे विचारलं. ते म्हणाले, पोलिओचा ताप अंगात असताना मांडीत सुई बसली, तर लुळेपण त्याच पायात उतरू शकतं. म्हणजे तिने पाहिलेलं खोटं नव्हतं. तापात टोचायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. पण एवढं समजावून सांगायला तिला त्या सात वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. सगळ्यांनी तिला अडाणी म्हणून हाकललं, आणि त्या सगळ्यांत मीही होते. मीही तिला म्हटलं, "मोठ्या बाईंना भेटा, मला वेळ नाही."

मोठ्या बाईंनी तिला तासभर समोर बसवलं. स्वतः दवाखान्यात सोबत येते म्हणाल्या. ताप बघून मगच टोचायला लावते, मुलीला माझ्या मांडीवर धरते, असंही म्हणाल्या. ती ऐकत राहिली आणि नाही म्हणत राहिली. शेवटी बाई म्हणाल्या, "तुमचं दुःख मला कळतं. पण मग प्रवेश नाही देता येणार." ती केबिनमधून बाहेर आली, मुलीची वेणी सारखी केली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्याही. खिडकीपासून चार हातांवर भिंतीला टेकून उभी राहायची. मुलगी आल्यागेल्या पाट्या वाचायची, त्या संपल्या की रिक्षांचे नंबर वाचायची. घरी नवरा म्हणतो, नको तर नको शाळा, असं तिने शिपायाला सांगितल्याचं मला कळलं. चिटणीसांचा शब्द माझ्या डोक्यात घोळायला लागला. टेकडीवरची एक हुशार पोरगी एका कार्डापायी भांडी घासणार. मला मोठ्या बाईंचा राग आला. यांचं काय जातं, पंख्याखाली बसून नियम काढायला?

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी गर्दी सरल्यावर मी तिला खुणेने बोलावलं. "हिचा जन्म कुठला?"

"हयच. म्युनसिपालटीच्या हास्पिटलात."

मी मुलीला म्हटलं, "बाही वर कर बघू." डाव्या दंडावर नखाएवढा व्रण होता. हॉस्पिटलात जन्मलेल्या पोरांना घरी सोडण्याआधी क्षयाची लस देऊन टाकतात, त्याचा तो व्रण. आई वाकून बघायला लागली. "ती जन्मखूण आसा," ती म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही. तो क्षयाच्या लशीचा आहे, त्याचा ट्रिपलशी काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्याकडे पिढ्यानपिढ्या व्रण बघूनच 'होय' लिहीत आले होते, तेव्हा ते अगदीच खोटं नाही, असं मी माझ्या मनाला पटवलं. मी लिहिलं, 'होय.' पुढे लिहिलं, 'कार्ड पाहिले.' आणि सही ठोकली.

मग मी तिला खिडकीशी आणखी जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, "नीट ऐक. हिचे सगळे डोस झालेत. कुणीही विचारू दे, शाळेत, बाहेर, कुठेही, सगळे डोस झालेत असंच सांगायचं. नाहीतर माझी नोकरी जाईल. कळलं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ, बाईनु. कोणाक सांगूचंय नाय."

त्या दिवशी घरी जाताना मी खुशीत होते. आज कुणाचं तरी भलं केलं, असं आईला सांगितलंही. कसं केलं ते मात्र सांगितलं नाही.

मुलगी शाळेत रुळली. मधल्या सुट्टीत ती आतल्या बाजूने ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि माझ्या टेबलावरच्या कागदांवरचं उलट्या बाजूने वाचायची. "बाई, 'हजेरी' म्हणजे तुम्ही आमची मोजता तीच ना?" "हो गं बाई, तीच." "मग 'गैर' म्हणजे काय?" मी तिला हुसकवायचे आणि ती पुन्हा यायची. पहिल्या चाचणीत तिचा वर्गात पहिला नंबर आला. वर्गशिक्षिका कौतुक करायला लागली की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. ही माझी पोरगी, असं वाटायचं.

दिवाळीची सुट्टी संपून पंधरा दिवस झाले असतील. ती दोन दिवस आली नाही. भावाला विचारलं तर म्हणाला, घसा दुखतोय. थंडी पडायला लागली होती, अर्ध्या शाळेचा घसा दुखत होता. तिसऱ्या दिवशी भाऊही आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी प्रार्थना चालू असताना शिपाई ऑफिसात आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "टेकडीवरची ती वेण्यांवाली गेली. साथीच्या हॉस्पिटलात. घटसर्प."

मी काहीतरी लिहीत होते. ते लिहिणं मी पूर्ण केलं, एवढं मला आठवतं. बाहेर प्रार्थना चाललीच होती.

तासाभरात म्युनिसिपाल्टीची माणसं आली. पहिलीच्या वर्गातल्या एकेका मुलाला उजेडाकडे तोंड करून उभं केलं, चमच्याने जीभ दाबून घसे तपासले, गोळ्या वाटल्या. मोठ्या बाई स्वतः प्रत्येक मुलाची हनुवटी धरून उभ्या होत्या. सगळं आटोपल्यावर त्या ऑफिसात आल्या. "तिचा अर्ज काढा."

मी फाइल काढली, अर्ज काढून हातात दिला. त्यांनी तो रकाना वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही स्वतः पाहिलं होतंत कार्ड?"

तिथे मला खरं बोलता आलं असतं. समोर फक्त त्या होत्या. मी म्हणाले, "हो बाई."

त्या खुर्चीत बसल्या. तेवढ्यात आत आलेल्या आरोग्य खात्याच्या माणसाला त्यांनी विचारलं, "सगळे डोस घेऊनही होतो?" तो बिचारा दमलेला होता. म्हणाला, "क्वचित होतो. लस थंड राहिली नाही तर निकामी होते. दवाखान्यातली लाइट जाते, बर्फ वितळतो, काय सांगावं?" त्याने वहीत काहीतरी टिपलं आणि निघून गेला. तो त्या वेळी जे बोलला तेच दोन दिवसांत टेकडीवर पोचलं.

आठवड्याने मी तिच्या घरी गेले. जाणं भाग होतं म्हणून नाही. न जाणं सहन होईना म्हणून. पत्र्याची एकच खोली होती. मुलगा पाय पसरून भिंतीशी बसला होता. ती मला बघून उठली, चटई टाकली, पाणी दिलं. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच बोलायला लागली. आधी नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं होतं, म्हणाली. त्याने घसा बघितला. आत पांढुरकं काहीतरी दिसलं त्याला.

"तेणी माका विचारल्यान, ट्रिपल दिलला हा? मी म्हटलंय, होय, सगळे डोस झालेत. तो म्हणालो, मग टॉन्सिल आसतीत. गोळये दिल्यान." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दोन दिवस तेच गोळये दिलंय. मगे मान सुजली. मगे श्वास घेवक मिळेना. मोठ्या हास्पिटलात नेलंय, तर थयलो डाक्टर माझ्यावर ओरडलो. म्हणालो, दोन दिवस आधी आणलं असतं तर इंजेक्शन देऊन वाचली असती."

मी म्हटलं, "नाक्यावरच्या डॉक्टरला खरं का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला प्रश्नच कळला नसावा असं वाटलं. "तुमका शब्द दिलेलंय ना," ती म्हणाली. "हिची शपथ घेतलेलंय."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. दिलेला शब्द पाळला, एवढंच ती मला सांगत होती. ठपका असता तर मी भांडले असते, नाही तर रडले असते. मी तिथून उठले आणि टेकडी उतरले. मला माझी किळस आली होती. न टोचलेली पोरं त्या टेकडीवर पुष्कळ होती, त्यांतली बहुतेक जगली. ही केवळ सुई न घेतल्यामुळे गेली असं कुणी म्हणू शकणार नाही. पण डॉक्टरने नेमका तोच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मी जूनमध्येच तिच्या तोंडात घालून ठेवलं होतं.

जानेवारीत संस्थेची सभा झाली. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. चिटणीस उभे राहिले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हेही सांगायला हवं. "बाई, तुमचा हेतू चांगला होता. पण काय मिळालं? त्या माउलीचा एक मुलगा आधीच सुईने अधू झालाय म्हणतात. तिची इच्छा नसताना आपण तिला टोचून आणायला लावलं. टोचून आणलं, आणि तरी पोर गेली. आता कुठल्या तोंडाने सक्ती करायची?"

सगळे मोठ्या बाईंकडे बघायला लागले. मला वाटलं, आता या भांडतील. एका वर्षात किती पोरं टोचली गेली ते सांगतील. त्या म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही."

मी लिहिलं, 'प्रवेशासाठी लशीच्या कार्डाची अट सर्वानुमते रद्द करण्यात येत आहे.' माझं अक्षर छान होतं, सगळे म्हणायचे.

सभा संपल्यावर बाई ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्या. असं त्या कधी बसत नसत. "तासभर बोलले मी तिच्याशी," त्या म्हणाल्या. "ती नाही म्हणत होती. मी हटूनच बसले. शेवटी बिचारी गेली असेल दवाखान्यात, माझ्या धाकाने. माझ्या हट्टाने तिने पोरीला सुई टोचली, आणि हाती काय आलं? ती आता मला काय म्हणत असेल?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी म्हणाले, "बाई, चहा सांगू का?"

त्या नको म्हणाल्या. पुढल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. सत्काराच्या दिवशीही त्यांनी भाषण केलं नाही.

पण त्याआधी, मार्चमध्ये, ती पुन्हा खिडकीशी आली होती. वाळून गेली होती. मुलाचं प्रगतिपुस्तक वगैरे काही नेण्यासाठी आली असेल, असं मला वाटलं. ती वाकली आणि म्हणाली, "बाईनु, एक काम होता. तुम्ही मोठ्या बाईंका खरा सांगा."

मी आजूबाजूला बघितलं. "काय झालं?"

टेकडीवर आता कुणी टोचून घेत नाही, ती म्हणाली. दवाखान्याची सिस्टर दारोदार फिरली तर बायका तिलाच सुनावतात, त्या पोरीचे सगळे डोस झाले होते, तरी गेली ना? "माझ्या चेडवाचा नाव घेतत, बाईनु. मोठ्या हास्पिटलातल्या डाक्टरान माका सगळा समजावल्यान. ताप नसताना टोचला तर काय होणा नाय. मी दारात जाऊन सांगतंय, पण सांगू काय? हिका टोचला नव्हता म्हणान सांगितलंय तर तुमची नोकरी जाताली. शपथ मोडूची नाय माका. तुम्हीच सांगा."

मी तिला काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "हे बघ, माझी नोकरी जूनमध्ये कायम होणार आहे. घरी मी एकटी कमावणारी आहे. आणि आता सांगून ती परत येणार आहे का?"

ती म्हणाली, "बरा. मगे ऱ्हांदे. तुमका त्रास नको." आणि जाता जाता म्हणाली, "तुम्ही तिका शाळेत घेतलात, ता मी विसरूचंय नाय."

ती वळली तेव्हा मला काय वाटलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. पंख्याखाली बसले होते तरी घाम आला होता, तो पुसला आणि मी पुढचं काम हातात घेतलं. तो महिना संपायच्या आत तिने मुलाचं नाव शाळेतून काढलं आणि ते कुटुंब गावी गेलं. शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला.

जूनमध्ये मी कायम झाले. प्रवेश सुरू झाले. अट गेली होती, पण सवयीने मी विचारत होते, "टोचलंय का हो पोराला?" टेकडीवरचा एक बाप, कडेवर मुलगी घेऊन, खिडकीशी वाकला होता. तो हसला. "कशाला टोचायचं, बाई? तुमच्याच शाळेतली ती पोरगी गेली ना, तिला सगळं टोचलेलं होतं. तुम्ही स्वतः कार्ड बघितलं होतं म्हणतात. खरं ना?"

त्याच्या कडेवरची मुलगी अंगठा चोखत माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. आणि तिची जन्मतारीख विचारली.